अपभ्रंश म्हणजे बिघाड नव्हे

गावाच्या इतिहासावरची पुस्तिका उघडावी, देवळाबाहेरचा माहितीफलक वाचावा किंवा मुलांच्या वहीतली तद्भव शब्दांची व्याख्या पाहावी. एक वाक्य हमखास भेटते: अमुक संस्कृत शब्दाचा अपभ्रंश होऊन आजचे रूप रूढ झाले. तो कसा झाला, कधी झाला, हे कोणी विचारत नाही. ‘अपभ्रंश’ म्हटले की उत्तर मिळाले, असे सगळे धरून चालतात. अपभ्रंश म्हणजे घसरण. ज्यांच्या जिभेला वळण नव्हते अशांनी चांगल्या शब्दाची केलेली मोडतोड. आणि मोडतोडीला कसला नियम असणार?

ही समजूत निरुपद्रवी नाही. एक तर तिच्यामुळे मराठी माणूस आपल्याच घरातल्या शब्दांकडे खालच्या नजरेने पाहतो. ‘हस्त’ खरा, ‘हात’ त्याचा बिघडलेला अवतार, असे त्याच्या मनात पक्के बसते. दुसरे असे, की बदलाला नियमच नाही असे एकदा मानले की कोणताही शब्द कशापासूनही काढता येतो आणि व्युत्पत्ती हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा खेळ होतो. म्हणून हे मत तपासून घ्यायला हवे.

पूर्वपक्षाच्या बाजूने बोलायचे तर त्याला मोठा आधार आहे. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच ‘गौः’ या एका शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अनेक अपभ्रंश सांगितले आहेत. शुद्ध शब्द एक, अपभ्रंश अनेक. मग अपभ्रंश म्हणजे बेशिस्त पांगापांग, हे खुद्द महाभाष्यकारच सांगतात असे म्हणायला जागा मिळते. शिवाय अनुभवही तसाच वाटतो. संस्कृतात ‘पानीय’, आपण ‘पाणी’ म्हणतो. संस्कृतात ‘कर्ण’, आपण ‘कान’ म्हणतो. एकीकडे न चा ण, दुसरीकडे ण चा न. हा गोंधळ नाही तर काय, असे कोणीही विचारील.

आधी पतंजलीकडे जाऊ. त्याच प्रकरणात पुढे तो मान्य करतो, की अर्थ पोचवण्याचे काम शुद्ध शब्द आणि अपशब्द दोन्ही सारखेच करतात. व्याकरण जो निर्बंध घालते तो धर्मासाठी, पुण्यासाठी. म्हणजे त्याचा अपभ्रंश हा व्याकरणाने मान्य केलेल्या शब्दांच्या बाहेरचा शब्द. तो कोणत्या वाटेने बदलत आला, त्या वाटेला शिस्त आहे की नाही, हा प्रश्न त्याने हाती घेतलेलाच नाही. त्याने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर आपण न विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले आहे. दंडीने तर काव्यादर्शात या शब्दाचे दोन अर्थ स्पष्ट वेगळे केले: काव्यात अपभ्रंश म्हणजे आभीर वगैरे लोकांची बोली, आणि शास्त्रात संस्कृताहून वेगळे ते सगळेच. यातला एकही अर्थ ‘अनियमित बिघाड’ असा होत नाही. पहिला एका भाषेचे नाव आहे, दुसरा एक सीमारेषा आहे. तोच दंडी महाराष्ट्राच्या आश्रयाने वाढलेल्या प्राकृताला सर्व प्राकृतांत श्रेष्ठ म्हणतो, हेही विसरू नये.

आणि नियम नव्हते म्हणावे तर वररुचीने ‘प्राकृतप्रकाश’ कशाचा लिहिला? बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणाचा अख्खा आठवा अध्याय प्राकृतांना दिला आणि त्याच्या शेवटी अपभ्रंशाचेही व्याकरण सांगितले. दोन स्वरांच्या मध्ये आलेले क, ग, च, ज, त, द बहुधा लोपतात; त्याच जागचे ख, घ, थ, ध, भ यांचा ह होतो; प चा व होतो, ट चा ड होतो. दधि–दही, गोधूम–गहू, दीप–दिवा, घोटक–घोडा, कटुक–कडू. ‘कपाट’ या एका शब्दात प आणि ट दोन्ही आहेत, आणि त्याचे ‘कवाड’ होताना दोन्ही आपापल्या नियमाने बदलले आहेत.

आता त्या न–ण च्या गोंधळाकडे येतो, कारण सगळा वाद तिथेच निकालात निघतो. महाराष्ट्री प्राकृतात शब्दाच्या आतला न सरसकट ण झाला होता. पुढे मराठी घडताना एकेरी ण तसाच राहिला आणि जोड ण्ण चा न झाला. एवढाच नियम. ‘पानीय’चे प्राकृत ‘पाणिअ’, त्यात ण एकेरी, म्हणून पाणी. ‘कर्ण’चे ‘कण्ण’, त्यात जोड, म्हणून कान. हा नियम घेऊन शब्द तपासत जावे. जन–जण, घन–घण, स्थान–ठाण, ऋण–रीण, तृण–तण, नवनीत–लोणी: सगळीकडे एकेरी आणि सगळीकडे ण. पर्ण–पान, जूर्ण–जुना, चूर्ण–चुना, सुवर्ण–सोने, धान्य–धान, मन्या–मान: सगळीकडे जोडाक्षर आणि सगळीकडे न. मूळ संस्कृतात न होता की ण, याने काहीच फरक पडत नाही. एकेरी होता की जोड, एवढेच चालते. लाखो माणसांनी, बहुतेकांनी अक्षरही न गिरवता, शतकानुशतके हा भेद पाळला. याला बेशिस्त म्हणायचे असेल तर शिस्त कशाला म्हणायचे?

ल आणि ळ यांची गोष्ट अशीच आहे आणि मला ती अधिक सुंदर वाटते. ‘फळ’ आणि ‘फूल’ हे शब्द आपण जोडीने उच्चारतो. एकात ळ का आणि दुसऱ्यात ल का, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. ‘फल’ मधला ल एकेरी, म्हणून फळ. ‘फुल्ल’ मधला ल जोड, म्हणून फूल. गल–गळा, पण गल्ल–गाल. मूल–मूळ, पण मूल्य–मोल. गेलेला ‘काळ’ संस्कृत ‘काल’पासून, आणि गेलेला दिवस ‘काल’ हा ‘कल्य’पासून. हिंदीत हा भेद पुसला गेला, तिथे फलही ल नेच आणि फूलही ल नेच. गुजरातीने आणि मराठीने तो राखला. म्हणजे आपल्या ळ मध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या उच्चाराची नोंद आहे. संस्कृत ग्रंथ न उघडताही मराठी शब्दावरून सांगता येते की मुळात तिथे एक ल होता की दोन.

याच नियमाने काळही मोजता येतो. ‘माला’ची माळ झाली, पण अरबीतून आलेला ‘माल’ माल राहिला. ‘शाला’ची शाळा झाली, पण फारसी ‘साल’ साल राहिले. हाल, दलाल, मशाल, महाल यांपैकी कोणाचाही ळ झाला नाही. हे शब्द आपल्याकडे आले तेव्हा ल चा ळ होण्याचा काळ संपला होता. जो बदल अमुक काळात सुरू होतो, ठरलेल्या जागी होतो आणि अमुक काळानंतर थांबतो, त्याला मर्जीचा बदल म्हणता येत नाही.

आणि ज्यांच्या बोलीला अशुद्धतेचे बोट सर्वांत आधी लागते, त्यांच्याकडेही पाहावे. वऱ्हाड-खानदेशाकडे ळ चा य होतो: डोळा–डोया, काळा–काया. बहिणाबाई चौधरींच्या कविता ज्यांनी मूळ वळणात वाचल्या आहेत त्यांना ही रूपे परिचित आहेत. शहरी कानाला ती चूक वाटते. पण त्या बोलीत ल चा य कधी होत नाही. फूल फूलच राहते, गाल गालच राहतो, कालचा दिवस कालच राहतो. फक्त ळ चा य होतो. प्राकृतातल्या एकेरी आणि जोड ल चा भेद त्या माणसांच्या तोंडी आजही जिवंत आहे, वेगळ्या ध्वनीच्या रूपात इतकेच. त्याला बिघाड म्हणणाऱ्याने निदान चार शब्द मोजून पाहावेत.

‘अशिक्षितांच्या तोंडी बिघडले’ हे म्हणणे आणखी एका ठिकाणी कोसळते. यज्ञोपवीताला आपण काय म्हणतो? जानवे. आरंभीच्या य चा ज, ज्ञ चा ण्ण आणि त्याचा न, प चा व: इतके नियम त्या एका शब्दात उतरले आहेत. मौंजीची मुंज, वर्तीची वात, हरिद्रेची हळद, महालयाचा म्हाळ. हे शब्द वेद म्हणणाऱ्या घरांतले आहेत. पंडित शास्त्रार्थ संस्कृतात करत होता आणि घरी सगळ्यांसारखेच बोलत होता. भाषा बदलली ती सर्वांची, एका वर्गाची नव्हे. किंबहुना ऋग्वेदातच ‘विकट’ हा शब्द आला आहे आणि अभ्यासक तो ‘विकृत’चेच प्राकृत वळणाचे रूप मानतात. म्हणजे ही प्रक्रिया वेदकाळीही चालू होती.

काही जण म्हणतील, नियम असेल, पण तो आळसाचा; अवघड उच्चार सोपा केला, एवढेच. हस्तचा हत्थ होण्यात सोय आहे, हे कबूल. पण त्यानंतर हत्थचा ‘हात’ होताना स्वर लांबला, तो कोणत्या आळसाने? सत्त–सात, अट्ठ–आठ, दुद्ध–दूध, अज्ज–आज: जोड गेला की मागचा स्वर दीर्घ झाला. एक मात्रा इथे गेली ती तिथे भरून निघाली, शब्दाचे वजन राखले गेले. आळशी माणूस हिशेब असा चोख ठेवत नाही. आणि ल सोडून ळ म्हणण्यात तर काडीचीही सोय नाही. परभाषकाला मराठी शिकताना सर्वांत जड जातो तो हाच ध्वनी.

अपवादांचे काय? अपवाद आहेत, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करू नये. ‘कृष्ण’चा कान्हा झाला आणि किसनही झाला. ‘क्षीर’ची खीर झाली, पण ‘क्षेत्र’चे शेत झाले. यातले पहिले कोडे सोपे आहे. कान्हा हा ‘कण्ह’ या प्राकृत रूपातून परंपरेने आलेला शब्द. किसन हा नंतर संस्कृतातून पुन्हा उचललेला. एकाच मुळातून दोन वेगळ्या काळी घेतलेले हे दोन शब्द आहेत. अशा दुसऱ्या प्रकाराला अर्धतत्सम म्हणतात. क्ष चे कोडे अधिक गुंतलेले आहे. काही शब्दांत त्याचा ख झाला, काहींत छ, आणि त्या छ चा मराठीत स किंवा श. निरनिराळ्या प्रांतांच्या बोली एकमेकींत मिसळल्या, हे त्याचे मोठे कारण. पण त्यातही हेमचंद्राची नजर पाहण्यासारखी आहे. ‘क्षण’ या शब्दाचा अर्थ उत्सव असेल तेव्हा त्याचे रूप ‘छण’ होते, असे त्याने वेगळे सूत्र करून नोंदवले. आपला दिवाळी-दसऱ्याचा ‘सण’ तो हाच.

अपवाद दिसला की नियम मोडीत काढायचा, ही घाई युरोपातही झाली होती. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतल्या व्यंजनबदलांचा नियम मांडला, तेव्हा त्याला न जुमानणारे पुष्कळ शब्द उरले. पितृ आणि भ्रातृ या दोन्हींत त एकच, पण जर्मनमध्ये बापाला फाटर आणि भावाला ब्रूडर. एकात ट, दुसऱ्यात ड. पन्नास वर्षे हा अनियमितपणाच समजला गेला. १८७५ मध्ये कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने वैदिक स्वरांकडे पाहिले. ‘पिता’ अंतोदात्त आहे, म्हणजे आघात शेवटच्या अक्षरावर; ‘माता’ही अंतोदात्त; ‘भ्राता’ आद्युदात्त आहे, म्हणजे आघात पहिल्या अक्षरावर. जर्मनमध्ये आईला मुटर, बापाप्रमाणेच ट. आघात कुठे होता त्यावर पुढचा ध्वनी ठरला होता. तो आघात जर्मन भाषेतून केव्हाच गेला होता. आपल्या वेदपाठकांनी तो हजारो वर्षे मुखाने जपला म्हणून हे कोडे सुटले. नियम अपुरा होता, खोटा नव्हता. ही घटना मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवायला हवी असे मला वाटते. ज्या परंपरेने आघात जपले, तिच्या वारसांनी ध्वनिबदलाला बेशिस्त म्हणावे, हे दुःखाचे आहे.

आपल्याकडेही हे काम झालेले आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये विल्सन व्याख्यानांत संस्कृतापासून आधुनिक भाषांपर्यंतचा क्रम मांडला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजप्यांनी तो मराठीत आणला. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. एवढे सगळे मराठीत असताना माहितीफलकांवरचे ते वाक्य मात्र तसेच आहे.

त्या वाक्याने काय अनर्थ होतो ते पाहा. पु. ना. ओक यांनी ताजमहाल हा ‘तेजोमहालय’ आणि व्हॅटिकन ही ‘वाटिका’ असे मांडले. आजही लोक हे हिरिरीने सांगतात. अपभ्रंशाला नियम नाही असे मानले तर याला उत्तरच देता येणार नाही. नियम मानले की उत्तर आपल्या घरातच सापडते. ‘महालय’ हा शब्द मराठी तोंडी खरोखर रुळला तेव्हा त्याचा म्हाळ झाला, नियमाप्रमाणे ळ घेऊन. ‘वाटिका’ची वाडी झाली, ट चा ड होऊन आणि क गळून. ‘महाल’ हा अरबीतून आणि ‘ताज’ हा फारसीतून आलेला शब्द. व्हॅटिकन हे तर ख्रिस्ती धर्म जन्मण्याआधीपासून रोमजवळच्या एका टेकडीचे लॅटिन नाव. नुसते कानाला सारखे लागणे हा पुरावा नव्हे.

‘मरेन पण हटणार नाही, म्हणून मरहट्टा’ ही व्युत्पत्ती ऐकून छाती फुगते, पण ती खरी नाही. महाराष्ट्र–महारट्ठ–मऱ्हाठा–मराठा, हा क्रम सरळ आहे. पाली महावंसात ‘महारट्ठ’ हे रूप आलेले आहे. आणि जोडीला दुसरा शब्द हजर आहे: सौराष्ट्र–सोरठ. त्याच ‘राष्ट्र’चे दुसऱ्या प्रांतातही ‘रठ’च झाले. हटण्या-न हटण्याचा तिथे संबंध नाही. पैठणचेही तसेच. प्रतिष्ठानातल्या प्र चा प, त गळून इ, ष्ठ चा ट्ठ, न चा ण, असे ‘पइट्ठाण’ झाले आणि त्याचे पैठण. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात या शहराचे नाव ‘पैठाना’ असे आहे. सातवाहनांच्या राजधानीत, गाथासप्तशतीच्या काळात, लोक बोलत होते ते हे नाव. ते अलीकडच्या काळातले बिघडलेले रूप नव्हे.

खरोखर अनियमित बदल भाषेत होतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दाचे ‘इस्पितळ’ झाले, तिथे ळ यायला नियमाने कारण नव्हते. ‘पितळ’ सारख्या ओळखीच्या शब्दाने तो आपल्याकडे ओढला असावा. याला सादृश्य किंवा लोकव्युत्पत्ती म्हणतात. इंग्रज कचेऱ्यांनी पुण्याचे ‘पूना’ आणि ठाण्याचे ‘ठाना’ केले, ते परक्या कानाने ऐकून परक्या लिपीत लिहिलेले नाव. या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र नाव आहे, स्वतंत्र कारण आहे. सगळ्यांवर एकच ‘अपभ्रंश’ लावला की कोणतेच कारण शोधावेसे वाटत नाही.

मग हा शब्द टाकून द्यावा काय? मुळीच नाही. तो एका थोर साहित्यभाषेचे नाव आहे. स्वयंभूचे ‘पउमचरिउ’ त्या भाषेत आहे. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात पुष्पदंताने ‘महापुराण’ रचले ते त्याच भाषेत, आणि ते संपादून छापले ते आपल्या प. ल. वैद्यांनी. प्राकृत आणि मराठी यांच्या मधला तो टप्पा आहे. नाव ज्याचे आहे त्याच्याकडेच राहू द्यावे. हात, पाणी, शेत, दिवा हे तद्भव शब्द. त्यांच्यात झाले ते ध्वनिपरिवर्तन. खरे तर ‘तद्भव’ म्हणतानाही एक ध्यानात ठेवावे, की संस्कृत रूप आपण पुढे ठेवतो ते सोयीसाठी. हे शब्द ग्रंथांतल्या संस्कृतातून नव्हे, तर त्या काळच्या बोलत्या भाषेतून आले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली, त्याच निर्णयात प्राकृतालाही. मराठीची बाजू मांडणाऱ्या रंगनाथ पठारे समितीचा मुख्य आधार महाराष्ट्री प्राकृत ते मराठी हे सातत्य हाच होता. ते सातत्य सिद्ध होते ते याच नियमांच्या जोरावर. एका तोंडाने ते सांगायचे आणि दुसऱ्या तोंडाने आपल्या शब्दांना बिघडलेले म्हणायचे, हे जमणारे नाही.

म्हणून गावांचे इतिहास लिहिणाऱ्यांना, शाळेत व्याकरण शिकवणाऱ्यांना आणि माहितीफलक रंगवून घेणाऱ्या विश्वस्तांना एकच विनंती आहे. ‘अमुक शब्दाचा अपभ्रंश होऊन तमुक’ असे लिहिण्याआधी अगदी तसेच बदललेले आणखी दोन मराठी शब्द शोधा आणि त्या वाक्यापाशी लिहा. ते सापडले नाहीत तर ते वाक्य लिहू नका.